पाच वर्षांची मुदत

"माझं मत घ्या, पण प्रत्येक खाणीला बाहेर पडायची दुसरी वाट हवी, असा कायदा करा," एझ्रा हॅल्बर्ट खाणमालकांच्या पक्षनेत्याला म्हणाला.

साल होतं १८७९. अमेरिकेतल्या त्या राज्याच्या विधानसभेत दोन्ही मोठे पक्ष चाळीस-चाळीस होते आणि मजूर पक्षाचा तो एकटाच. सभापती त्याच्या मतावर ठरणार होता.

नेत्यानं शब्द दिला, एझ्रानं मत दिलं. गॅलरीतून त्याचेच मजूर "विकला गेलास!" म्हणून ओरडले. कायदा मात्र आला. त्यात मालकांना पाच वर्षांची मुदत होती. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, म्हणून एझ्रानंही हात वर केला.

चौथ्या वर्षी त्याच्याच गावच्या खाणीत आग लागली आणि एकोणतीस माणसं आत अडकून मेली. दफनाच्या वेळी आगीत नवरा गमावलेल्या मार्था ओवेननं त्याला गाठलं.

"कायदा झाला होता ना?"

"झाला होता. मुदत संपायला वर्ष होतं."

"मुदत कुणी दिली?"

"आम्ही. मीसुद्धा."

एझ्रा फावडं उचलून तिच्या नवऱ्याच्या कबरीवर माती लोटू लागला. तिनं पुढं होऊन ते त्याच्या हातून काढून घेतलं.