विज्ञानाचा तास सोडून

विज्ञानाच्या तासाची घंटा झाली आणि किशोरी नेहमीप्रमाणे दप्तर उचलून वर्गाबाहेर निघाली.

"बस खाली," वसुंधराबाई म्हणाल्या.

"बाई, मोठ्या सरांनी सांगितलंय." आठवीतली ती पोर दाराशीच थांबली, नजर जमिनीवर.

सांगितलं होतं हे खरं. जूनमध्ये तिचे वडील, विठू, शाळेत आले होते. घरात देवीचं ठाणं आहे, दर मंगळवारी वारं येतं, पार उरणपासून माणसं दर्शनाला येतात. "पोरीला विज्ञान शिकवू नका. देवीला चालत नाय," एवढंच बोलून ते हात जोडून उभे राहिले. सरकारी शाळेत असली सवलत कुठल्याच नियमात बसत नव्हती. पण मोठे सर म्हणाले, "भावनेचा प्रश्न आहे, बाई. शाळेच्या दारात मोर्चा यायला नको."

गेल्या वर्षी हीच मुलगी पहिल्या बाकावर बसायची. मेंदू आणि मज्जातंतूंचा धडा चालू असताना तिचे प्रश्न संपता संपत नव्हते. आता विज्ञानाचा तास ती जिन्यात बसून काढायची.

मधल्या सुट्टीत वसुंधराबाई तिच्याजवळ पायरीवर टेकल्या. "मी तुझ्या वडिलांशी बोलते. तुला यातून सोडवते."

"नको, बाई." किशोरीचा चेहरा उतरला. "घरी नका येऊ."

त्या भीतीनेच वसुंधराबाईंचं पक्कं ठरलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर रिक्षा करून त्या सुकापूरला गेल्या. नव्या टॉवरांच्या मधोमध अडकलेलं बैठं घर, ओट्यावर चपलांचा ढीग. विठू दारातच भेटले. जासईच्या कंटेनर यार्डातून नुकतेच आले असावेत, अंगावर कामाचे कपडे तसेच होते.

"विठूभाऊ, मुलगी हुशार आहे हो. तिला शिकू द्या. तुम्ही वडील आहात, तुम्ही मनावर घेतलंत तर..."

"मी कुठं नाय बोलतो, बाई? मला तर तिला नर्स करायची होती." विठूंचा आवाज खाली आला. "देवीनं बंदी घातलीय. भरल्या घरात बोलली. तिचा शब्द मी कसा मोडू?"

"मग मी तुमच्या देवीलाच विचारते."

विठू दारातून बाजूला झाले.

आत पाऊल टाकताच मागची माणसं सरकली आणि दार दिसेनासं झालं. उदाच्या धुराने डोळे झोंबत होते, ढोलकीने कान भरले होते. कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकललं. "पुढं व्हा, पाया पडा."

पाटावर केस मोकळे सोडून, कपाळभर मळवट भरून किशोरी घुमत होती.

वसुंधराबाई थिजल्या. मागे सरायला जागा नव्हती. शेजारणीने त्यांची मान धरून पाटाशी टेकवली. घुमणारं ते अंग त्यांच्यावर झुकलं, मोकळ्या केसांनी दोघींची तोंडं झाकली गेली आणि दोन हुंकारांच्या मधून नेहमीचा आवाज आला.

"तास मीच बंद करून घेतला, बाई. गेल्या वर्षी तुमी मेंदूचा धडा शिकवलात ना, तेव्हापासून माझ्या अंगात यायचंच थांबलं. आता नुसतं सोंग करते. अजून शिकले तर इथं बसल्यावर मला हसू फुटेल."

"मग सांगून टाक ना सगळ्यांना. ऊठ, बाळा."

किशोरीने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बाईंना कौल मिळाला म्हणून घरभर जयजयकार झाला. पाटाच्या कडेला तिची धाकटी बहीण गोदू आरतीचं ताट सावरत उभी होती. पुढचे दुधाचे दात पडलेले, कपाळाला मळवट, केस मोकळे.

"मी उठले तर हिला बसवतील, बाई."