दाताच्या डॉक्टरांचं पत्र

पत्र वाचून दाखवलं, की प्रतापची सरकारी दुभाष्याची नोकरी पक्की होती. बासष्टच्या दिवाळीत चीनशी लढाई पेटलेली, आणि चिनी भाषा घेऊन बी.ए. करणारा अख्ख्या पालघरात तो एकटाच. दाताच्या चिनी डॉक्टरांकडे झडतीत सापडलेलं ते पत्र फौजदारांनी त्याच्या हाती दिलं. "वाच रे, तुजंच काम हाय," आई कौतुकानं म्हणाली. डॉक्टरही निर्धास्त हसले; पहिली चिनी अक्षरं त्यांनीच तर त्याच्याकडून गिरवून घेतली होती. पत्र डॉक्टरांनीच लिहिलेलं, टपालात टाकायचं राहिलेलं, प्रतापच्याच चिनीच्या प्राध्यापकांना होतं: 'प्रतापला सांभाळा, मला तो मुलासारखा आहे.' खरं वाचलं, तर हाताशी आलेली नोकरी जाणार, वर संशयही आपल्यावर! "सांकेतिक भाषा आहे, साहेब," प्रताप म्हणाला. जन्मभर दुसऱ्यांना "आ करा" सांगणाऱ्या डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. प्रतापला नोकरी लागली. तिची किंमत डॉक्टरांनी नजरकैदेत भरली.