एकोणशंभर

गणित अडलं की बाईंकडे धावायचं नाही, आधी जोडीदाराशी बोलायचं, असा शर्मिष्ठाबाईंचा तिसरीच्या वर्गाला नियम होता. जोडीदार म्हणजे बाकावर शेजारी बसणारा.

त्या दिवशी बाईंनी एकोणसाठ अंकांत लिहायला सांगितलं. ऋतिकाने ६९ लिहिलं.

"अगं, एकोण म्हणजे एक कमी," शेजारचा ओजस म्हणाला. "साठाला एक कमी. ५९ लिही."

ऋतिकाला पटलं. तिने खोडलं आणि लगेच हात वर केला. "बाई, मग शंभराला एक कमी म्हणजे एकोणशंभर का नाही? नव्व्याण्णव का?"

बाईंनी खडू खाली ठेवला. मग "आलेच हं" म्हणत शेजारच्या वर्गावरच्या अनंत सरांकडे गेल्या.

तेवढ्यात मुख्याध्यापिका डोकावल्या. "बाई कुठे गेल्या तुमच्या?"

"त्यांचं अडलंय," ऋतिका म्हणाली. "जोडीदाराकडे गेल्यात."

"कोणाकडे?"

अख्ख्या वर्गाने अनंत सरांच्या वर्गाकडे बोट दाखवलं.

"तरी म्हटलं," मुख्याध्यापिका स्वतःशीच पुटपुटल्या, "दोघांच्या डब्यात रोज एकच भाजी कशी."