एकेचाळिसावी ओळ

"ही शीट कोणी बनवली?" रुद्रेशने विचारलं. कोणी बनवली ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"मीच, बाबा," पद्मावतीबाय म्हणाली.

पेडण्याच्या काजू संस्थेत पर्यवेक्षकाच्या एका जागेसाठी परीक्षा झाली होती. गुणांची शीट जुन्या कारकून पद्मावतीबायने केली, आणि व्यवस्थापक बाबुरावांनी ती रुद्रेशकडे तपासायला दिली. तो स्वतः सहा वर्षांपूर्वी याच परीक्षेत पहिला येऊन डिचोलीहून इथे लागलेला. हे तो आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा.

बायची पद्धत एकच. गेल्या वर्षीची फाइल घ्यायची, जुनी नावं पुसायची, नवी अकारविल्हे भरायची. पहिला नंबर सूत्र आपोआप काढतं, मग डोकं कशाला शिणवा?

रुद्रेशने सूत्र उघडलं आणि हसला.

"हे चाळिसाव्या ओळीपर्यंतच बघतं. खाली कोणी शंभर गुण घेऊन बसला तरी ह्याला दिसायचा नाही. भाकऱ्या थापण्याइतकं सोपं नाही हे, बाय."

बायने पदराने चष्मा पुसला. तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

"सुविधा, प्रिंट आण," रुद्रेश ओरडला. सुविधा रोजंदारीवर टायपिंग करायची. तीही एकदा परीक्षेला बसली होती म्हणे.

"ह्या वर्षी काय बिघडलं?" बाबुरावांनी विचारलं.

"काही नाही, उमेदवारच एकोणतीस. पण फाइल वर्षानुवर्षं कॉपी होतेय. जुन्या सगळ्या तपासा. मी लेखीच देतो."

त्याने दिलंही. चुकून लागलेल्याला ताबडतोब कमी करावं, खऱ्या उमेदवाराला घ्यावं, आणि पद्मावतीबायच्या सेवापुस्तकात शेरा मारावा. खाली ऐटीत सही.

"जुनां कशाक उकरतस, बाबा? ऱ्हवांदे," बाय म्हणाली.

"घाबरलात?"

"माजां काय, मी चललंय घराक."

बाबुरावांनी कागदावर 'मंजूर' लिहून शिक्का मारला. मग एकेक जुनी फाइल उघडली. पाच वर्षं उमेदवार थोडेच, सगळं बरोबर. रुद्रेशचा चेहरा जरा पडला. बायला एवढ्यावर सुटू द्यायचं नव्हतं त्याला.

"अजून मागे जा," तो म्हणाला.

सहाव्या फाइलीत ओळी त्रेचाळीस होत्या. सुविधा प्रिंट घेऊन दारात आली, तेव्हा बाबुराव पडद्यावर बोट ठेवून वाचत होते.

"ओळ सदतीस. रुद्रेश, एक्याऐंशी." बोट खाली सरकलं. "ओळ एकेचाळीस. सुविधा, अठ्ठ्याऐंशी."