सरांचा हात

पंपात सापडून अर्धं बोट गेलं, तरी सरांनी हातमोजे कधी घातले नाहीत. कार्बन डायऑक्साइडपासून तेल करणारी लोखंडाची भुकटी ते उघड्या हातानेच पाण्यात कालवायचे. सर वारले आणि तीच भुकटी हटून बसली. तेलाचा थेंब नाही, नुसता मिथेन वायू. त्यांच्या विद्यार्थिनीने बरीच डोकेफोड केली, तेव्हा कळलं की तेलासाठी लागणारं कणभर सोडियम सरांच्या घामातून भुकटीत उतरत होतं.

"म्हणजे मसाला म्हातारबुवांच्या हातातच होता तर!" सहकारी हसला. "आता बाटलीतलं घाल आणि मोकळी हो."

"एकदा सोडियमशिवाय करते. खात्री झालेली बरी."

तिने नवे हातमोजे चढवले, भुकटी चमच्याने कालवली, ट्रेमध्ये सपाट पसरून वाळायला ठेवली आणि खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी ती पोचेपर्यंत सहकाऱ्याने आपल्याकडच्या किल्लीने खोली उघडून थोडी भुकटी यंत्रात भरली होती आणि नळीतून तेल ठिबकत होतं.

"काय गं, शेवटी घातलासच ना हात?" त्याने ट्रे तिच्यापुढे सरकवला.



उरलेल्या भुकटीवर चार बोटांचा ठसा होता, आणि त्यातलं एक बोट अर्धंच होतं.