चहाचा प्रश्न

चिमी ऑनलाइन सर्वेक्षणं रचायची आणि त्यांची चाचणी बाबांवरच व्हायची. लोक नीट वाचतात का, हे पकडायला ती मध्येच घालायची: ‘चहा किती वेळा पिता? इथे “कधीच नाही” निवडा.’ बाबा हटकून ‘रोज’ निवडायचे.

“अहो बाबा, वाचा तरी!”

“वाचलं गं. पण खोटं कसं लिहू?”

ते गेल्यानंतर आज तिने पहिल्यांदाच नवं सर्वेक्षण रचलं. लिंक अजून कुणालाच पाठवली नव्हती, तरी एक उत्तर आलं.

चहा: ‘रोज’.

तिचे डोळे भरून आले. पुढचा प्रश्न होता, ‘घरात सध्या किती जण आहात?’ ती तर एकटीच राहायची. ‘दोघं’ लिहिलं असणार, लबाड कुठले, म्हणत ती हसली.

उत्तर होतं, ‘तिघं’.

आणि बाबा खोटं लिहीत नसत.