बुटकी चौकट

सुनेचं सगळं चांगलं होतं, पण कौतुकाला लागली की तिच्या जिभेला लगाम राहत नसे. सासूला हे वागणं बिलकूल पटत नसे. सासूला गल्लीत सगळे थोरली म्हणत. आपल्याच हातच्या कामाचं आपल्याच तोंडाने कौतुक करायचं म्हणजे आपली पाठ आपणच थोपटायची, हात तर मुरगळणारच, असं थोरलीचं म्हणणं.

आज तर सून सकाळपासून नुसती भिंगरी झाली होती. पडदे धुतले, फरशीचा आरसा केला, पाहुण्यांचे कप फळीवरून खाली काढले. घराची बोलणी आज पक्की व्हायची होती. आकडा आधीच कळला होता, आणि थोरलीचा लेक तो झोपेतसुद्धा बडबडत होता.

"आई, आज तू फक्त बसून राहा," त्याने हात जोडून सांगितलं. "बोलणी फिसकटली तर सगळंच हातचं जाईल."

शाळेची पायरी थोरलीने जेमतेम झिजवली होती, पण या घराची वीट न् वीट तिला तोंडपाठ होती. लग्न होऊन ती इथेच आली. मुलं याच फरशीवर रांगली. नवऱ्याने डोळे मिटले तेही मागच्या खोलीत. इथून निघेन ती आडवीच, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेलं बदलायची तिला सवय नव्हती.

पाहुणा आला तो दार लोटून सरळ आत. इस्त्रीचा सदरा, चकचकीत जोडे, बोलणं मोजकं. सुनेने त्याला धड टेकूही दिलं नाही. खिडक्या उघडून वारा दाखवला, ऊन दाखवलं, बैठकीच्या भिंतीचा ताजा रंग दाखवला. शेजार सोन्यासारखा, बाजार हाकेच्या अंतरावर. असं घर शोधून सापडायचं नाही, हे तिने पुन्हा एकदा सांगितलं तेव्हा पाहुण्याच्या तोंडावर हसू पसरलं.

थोरलीने ते हसू पाहिलं आणि काठी टेकत ती उठली.

"नवा रंग दिसला की आधी विचारावं, खाली काय झाकलंय," ती पाहुण्याला म्हणाली. "ते कपाट जरा सरकवा."

लेकाने डोळेच मिटले. कपाट पाहुण्याने स्वतः सरकवलं. मागे ओलीने भिंतीवर आख्खा मुलूख काढून ठेवला होता. हात लावला की पोपडे गळत होते.

मग थोरली पुढे आणि पाहुणा मागे. घर बघणारी माणसं फरशीला भुलतात, आधी छताचे कोपरे बघावेत, असं म्हणत तिने गच्चीतून झिरपलेले डाग काठीने दाखवले. फरशी ठोकून दाखवली, तर न्हाणीघराजवळ ती वाळक्या भोपळ्यासारखी वाजली. घरातले सगळे नळ एकदम सोडायला लावले, तेव्हा न्हाणीघराच्या नळाची धार सुतासारखी झाली. कमरेची किल्ली काढून तिने खिडकीच्या लाकडात टोचली. लोण्यात सुरी जावी तशी ती आत गेली. वाळवीने आपलं काम चोख केलं होतं. पाहुण्याचं हसू दर खोलीत थोडं थोडं सांडत गेलं.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बुटकी होती. नवख्या माणसाचं कपाळ तिथे हमखास शेकून निघे. थोरली त्याला सावध करायला वळली, तोवर पाहुणा सवयीने वाकून आत शिरलाही होता.

"मोरीचं पाणी कुठे जातं?" त्याने विचारलं.

"जात नाही, तेच तर दुखणं आहे," थोरली म्हणाली.

पाहुणा पुन्हा बैठकीकडे वळला, तसं सुनेने सासूला चुलीपाशी अडवलं. तिचे डोळे डबडबले होते. एवढं राबून घर सजवलं ते याचसाठी का, असं ती पुटपुटली.

"आई, तुम्ही त्यांच्यासमोर सगळं उघडं पाडलंत. आता ते रागावून निघून गेले तर?"

"एक तरी अक्षर खोटं बोलले का मी?"

"नाही."

"मग गप उभी राहा."

बैठकीत पाहुणा कपाटामागच्या भिंतीचे पोपडे चाचपत होता. शेवटी त्याने खिशातला रुमाल काढून बोटांना लागलेला चुना पुसला.

"एवढी डागडुजी निघणार असेल, तर तो आकडा काही खरा नाही," तो म्हणाला. "बराच खाली यायला हवा."

मग थोडा विचार करून त्याने नवा आकडा सांगितला. लेकाने मान खाली घातली. मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." दोघांचे हात मिळाले आणि बोलणी संपली.

पाहुणा गेला, फाटकाची कडी वाजली, तरी सून होती तिथून हलली नाही. थोरलीने काठी भिंतीला टेकवली, पाहुण्यांच्या कपात स्वतःसाठी चहा ओतला आणि एक घोट घेऊन ती सुनेकडे वळली.

"सूनबाई, घर कसं ठेवावं ते तुझ्याकडून शिकावं, आणि कसं घ्यावं ते माझ्याकडून. कागद आपल्या नावावर झाले की चढ गच्चीवर आणि कर हवं तेवढं कौतुक. पण जन्मभर ज्याच्या घरच्यांना भाडं मोजलं, त्या घरमालकासमोर नाही."